सहा जानेवारीचा केक

लोक विचारतात, तुम्ही नक्की करता काय? पूर्वी मी 'सॉफ्टवेअर' म्हणायचे. मग समोरचा खिशातून बंद पडलेला मोबाईल काढून माझ्या हातात द्यायचा. पुढे पुढे मी सरळ सांगायला लागले, मी तारखा नीट लावते. यावर माणसं जरा आदराने बघायची. मी मुहूर्त काढून देते असा त्यांचा समज व्हायचा. एक बाई तर मुलीची पत्रिका घेऊन जिना चढून आल्या होत्या.

बोईसरला एका मेडिकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत माझं ऑफिस होतं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना मी हजेरीची यंत्रं आणि त्यांच्या पोटातलं सॉफ्टवेअर पुरवायचे. कामगार गेटवर कार्ड लावतो, यंत्र 'पीं' करतं आणि आत कुठेतरी एक तारीख आणि एक वेळ लिहिली जाते. ती तारीख हजेरीपासून रजेपर्यंत आणि रजेपासून निवृत्तीपर्यंत न सांडता पोचवायची, एवढंच काम. ऐकायला सोपं आहे. माझी उमेदीची सगळी वर्षं त्यात गेली, आणि गेल्या वर्षी ऑफिस भाचीच्या हवाली केलं तेव्हाही तारखा चुकतच होत्या.

ज्यांना या धंद्याचा गंध नाही त्यांना आधी रोग काय तो सांगते. कागदावर लिहिलंय ०३/०४. आपण वाचतो तीन एप्रिल. अमेरिकेतला माणूस वाचतो चार मार्च. दोघंही शहाणे, दोघंही आपापल्या घरी बरोबर, आणि मधल्या मध्ये माल अडकलेला. आमच्या वसाहतीत तर यंत्र एका देशातलं, सॉफ्टवेअर दुसऱ्या देशातलं आणि गिऱ्हाईक तिसऱ्या देशातलं. एका कारखान्याने पावडरची पिंपं परदेशात पाठवली, त्यांच्यावर मुदत संपायची तारीख अशीच तिरप्या रेघा मारून छापलेली. तिकडच्यांनी वाचलं की मुदत संपलेला माल आला. पावडर ठणठणीत होती, पण पिंपं आली तशी परत गेली.

परक्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. आपल्या मराठीत 'परवा' नावाचा एक शब्द आहे. परवा आले होते आणि परवा येणार आहे, दोन्ही परवाच. वाक्याला क्रियापद असतं तोवर निभावतं. पण मोबाईलवर लिहिताना माणसं क्रियापद खातात. एका कारखान्यातून निरोप आला, "गेटचं मशीन परवापासून बंद." मी समजले, परवापासून त्यांची वार्षिक दुरुस्ती असेल, मशीन बंद ठेवणार असतील. मी निवांत. खरं म्हणजे ते दोन दिवस मेलेलं पडलं होतं आणि वॉचमन बिचारा हाताने नावं लिहीत होता. मी तिथल्या कामगारांना म्हटलं, त्यापेक्षा हिंदीत लिहा. पुढचा निरोप आला, "मैडम, मशीन कल से बंद." म्हणजे आगीतून फुफाट्यात.

या रोगावर औषध आहे आणि ते फार साधं आहे. जगातल्या देशांनी मिळून तारीख लिहायची एक प्रमाण रीत ठरवलेली आहे. आधी वर्ष, चारही आकडे. मग महिना, मग दिवस, मध्ये आडवी रेघ. पुढे वेळ, आणि शेवटी आपण कुठल्या घड्याळाने बोलतोय ते, म्हणजे आपल्या भारतासाठी अधिक साडेपाच तास. ते शेवटचं शेपूट गाळलं तर काय होतं तेही मी पाहिलंय. सकाळी सातच्या पाळीला आलेले झाडून सगळे कामगार विलायतेच्या घड्याळाप्रमाणे मध्यरात्री दीड वाजता हजर झालेले दिसत होते, आणि व्यवस्थापकांना त्यांच्या निष्ठेचं फार कौतुक वाटलं होतं.

ही रीत एका रंगाच्या कारखान्याच्या शेठना काही केल्या पटेना. "उलटं कशाला लिहायचं? माणूस आधी दिवस बोलतो." मी हात टेकले होते. त्यांच्याकडे सत्यनारायण होता त्या दिवशी मी प्रसादाला गेले, तर भटजींचा संकल्प चालला होता. शेठना मी हळूच म्हटलं, जरा कान देऊन ऐका. शालिवाहन शके अमुक, संवत्सर, मग अयन, मग ऋतू, मास, पक्ष, तिथी. मोठ्याकडून लहानाकडे. शिवाय यजमान कुठल्या देशात कुठल्या नदीच्या तीरावर बसलाय तेही त्यात सांगतात. आमचं साडेपाचचं शेपूट तेच. शेठनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे हे आपलंच आहे." मी म्हटलं, "हो, आपलंच." धंद्यात प्रत्येक वेळी वाद घालून चालत नाही.

शेठ होते तोवर त्या कारखान्यात सगळं आलबेल होतं. पुढे त्यांनी कारखाना एका परदेशी कंपनीला विकला. कंपनीने आपलं स्वतःचं सॉफ्टवेअर आणलं, कामगारांची सगळी माहिती त्यात ओतून घेतली आणि माझ्याकडे फक्त गेटचं यंत्र ठेवलं. मी काही बोलले नाही, कारण मला कुणी विचारलं नव्हतं. मला सांगायची आहे ती गोष्ट त्यानंतरची, बारकूदादांची.

दिवाळीनंतर कारखाना पुन्हा सुरू झाला होता. मी गेटवर यंत्राची काच पुसत होते. रंगखात्यातले बारकूदादा पाळी संपवून बाहेर आले. त्यांना मी शेठच्या काळापासून ओळखत होते. बेटेगावच्या पुढच्या एका पाड्यावरून सायकलने यायचे. त्या महिन्यात कारखान्यात जो रंग चालू असेल तो त्यांच्या नखांना असायचा. त्या दिवशी नखं निळी होती.

"ताई, तुमच्या मशीनला जरा इचारा," ते म्हणाले, "मी जलमलो कंदी?"

"का हो दादा?"

त्यांनी घडी घातलेला कागद दिला. वयाची अट पूर्ण होत असल्याने एकतीस जानेवारीला आपण निवृत्त होत आहात, अशी नोटीस होती.

"मना तं मे म्हाईत होता," ते म्हणाले. "शालंत मास्तरनी एक जून लिवलाय. आमच्या पाड्यावरच्या सगल्या पोरांना एक जूनच लिवलाय. एक जूनवाला एकतीस मेला घरी जातो ना?"

एक जून कुणाला समजावून सांगायला नको. जन्माची नोंद नाही असं मूल बाप शाळेत घेऊन यायचा. शाळा जूनमध्ये उघडायची. पोराला सहा वर्षं झालीत असं दिसायला हवं, म्हणून गुरुजी मागे मोजून एक जून टाकायचे आणि पुढच्या पोराला हाक मारायचे. आमच्या शिरगावच्या शाळेतही माझ्या वर्गातली निम्मी मुलं एक जूनची होती. त्यांचे वाढदिवस कधी झालेच नाहीत, कारण तेव्हा शाळा सुरू झालेली नसायची.

"चार महिने आधी सुटलात तर आराम करा की," मी म्हटलं. मला वाटलं होतं ते हसतील.

"आराम खड्ड्यात जाऊ द्या. पोरीचा काय?"

मग त्यांनी सांगितलं. कारखान्यात युनियनने जुना करार करून घेतलेला होता. निवृत्त होणाऱ्या कामगाराचं एक मूल कामावर घ्यायचं, पण बाप निवृत्त होईल त्या दिवशी त्या मुलाला अठरा वर्षं पूर्ण हवीत. बारकूदादांची वनिता बारावी सायन्सला होती. तिला अठरा वर्षं एप्रिलमध्ये पूर्ण होत होती, आणि तिचा जन्मदाखला सरकारी दवाखान्यातला, त्यात इकडचं तिकडे व्हायला जागा नाही. प्रयोगशाळेत मदतनिसाची जागा रिकामी होणार होती आणि तिथल्या मॅडमनी मुलीला पाहून पसंतही केलं होतं. बाप मेमध्ये निवृत्त झाला तर वनिता प्रयोगशाळेत. जानेवारीत झाला तर नाही.

"नाय तं भावासारखी ती वीटभट्टीवर जाल," ते म्हणाले. "तिला काचेच्या नल्या आवडतात, ताई. घरी पन बाटल्या धून लायनीत ठेवते."

मी तो कागद घेऊन तडक बोरकुटे साहेबांच्या केबिनमध्ये गेले. बोरकुटे म्हणजे कर्मचारी विभागाचे प्रमुख, मूळचे चंद्रपूरकडचे. माणूस सज्जन, पण नियमाच्या बाहेर पाय टाकायचा तर आधी त्या पायाचा अर्ज घेणारा.

"मॅडम," नोटीस बघून ते म्हणाले, "निवृत्तीच्या तोंडावर ज्यांना जन्मतारीख आठवते असे लोक मी नोकरीभर पाहून राहिलो. बदलता येत नाही. सिस्टममध्ये जे आहे ते आहे."

"मी बदलायला नाही आले साहेब. वाचायला आलेय. सगळ्यांची यादी वाढदिवसाप्रमाणे लावून दाखवता?"

त्यांनी लावली. पडद्यावर सहा जानेवारी सुरू झाली आणि संपेचना. खाली सरकवलं तरी सहा जानेवारी. बारकूदादा त्यातच होते.

"साहेब, तुम्हाला हे कधी खटकलं नाही?"

"खटकलं होतं," ते म्हणाले. नव्या कंपनीच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकाच्या वाढदिवसाला केक कापायचा असे. सहा जानेवारीला एका केकने भागेना म्हणून ते टेम्पोतून केक मागवत. "मी म्हटलं, इकडं लग्नं एप्रिलमध्ये लागत असतील. हिशेबही बरोबर येते, नऊ महिन्यांचा."

मी हसू दाबलं. "आता यात एक जूनचा माणूस दाखवा. महाराष्ट्रातला कारखाना, आणि एक जूनला जन्मलेलं कुणीच नाही?"

साहेबांचा चेहरा बदलला. "माझे वडील एक जूनचे," ते म्हणाले.

"माझेही," मी म्हटलं.

काय झालं होतं ते मी सांगितलं. जुन्या नोंदी दिवस-महिना अशा होत्या, नवं सॉफ्टवेअर महिना-दिवस असं वाचत होतं. ज्यांचा दिवस बारापेक्षा मोठा, त्यांच्या तारखा यंत्राने नाकारल्या, कारण तेरावा महिना नसतो. त्या तारखा कारकुनाने हाताने नीट केल्या. बारापर्यंतचे दिवस मात्र यंत्राने निमूट उलटे करून घेतले. ०१/०६ म्हणजे सहा जानेवारी. आमच्या धंद्यात जी चूक आरडाओरडा करते ती परवडते. जी गपगुमान बसते ती घर बुडवते.

बोरकुटे यादी खाली खाली नेत होते. एकदम थांबले. "हा पहा, मॅडम. आहे की एक जूनवाला. सावे, स्टोअर." ते जिंकल्यासारखे माझ्याकडे बघायला लागले.

"बोलवा त्यांना," मी म्हटलं. मनातून मी जरा टरकलेच होते.

सावे आले. केळव्याकडचे, गोरेगोमटे, कायम तोंडात काहीतरी. साहेबांनी विचारलं, "सावे, तुमचा जन्म कधीचा?"

"सहा जानेवारी, साहेब. पालघरच्या दवाखान्यातला. दाखला हाय."

"मग आम्ही तुम्हाला जूनमध्ये केक देऊन राहिलो, तुम्ही बोलला का नाही?"

"कसं बोलणार? जानेवारीत आधीच एवढी मानसं लायनीत. मी म्हटलं, जागा नाय म्हणून मला जूनला ढकललं असंल. जूनमध्ये आख्खा केक मला एकट्याला मिळतो, साहेब."

सावे गेल्यावर बोरकुट्यांनी यादी पुन्हा वर नेली. मग म्हणाले, "मला पटलं. पण मला पटून काय होते? वरच्यांना पटलं पाहिजे."

वरच्यांनी आधी सोपा मार्ग सुचवला. या एका कामगाराचा रुग्णालयातला जन्मदाखला पाठवा, त्याची तारीख बदलून देऊ. बारकूदादा जन्मले ते पाड्यावरच्या झोपडीत. तिथे दाखला कोण देणार? आणि समजा कुणी दया येऊन बदलून दिली असती, तरी मला ते नको होतं. एकट्याची बदलली तर ती सवलत दिसते, उद्या कुणीही बोट दाखवतं. सगळ्यांची बदलली तर ती दुरुस्ती. मी बोरकुट्यांना म्हटलं, सगळी यादी प्रमाण रीतीने नव्याने लिहून पाठवू, वर्ष, महिना, दिवस, आणि सगळी पुन्हा ओतून घ्यायला लावू. त्यांनी मान हलवली, पण म्हणाले, "वेळ लागेल मॅडम. आणि तुमच्या माणसाजवळ वेळ नाही."

ते खरं होतं. तत्त्व माझं होतं आणि मान दादांची अडकलेली. मी बारकूदादांना गाठून दोन्ही बाजू समजावल्या. त्यांनी एवढंच विचारलं, "सगल्यांची केली तं त्यात माजी पन येल ना?" मी हो म्हटलं. त्या होच्या ओझ्याने मला पुढचे कित्येक दिवस नीट जेवण गेलं नाही.

कंपनीच्या मुख्य ऑफिसातल्या तंत्रज्ञाचं म्हणणं एकच. एवढे दिवस एकाही कामगाराने तक्रार केली नाही, त्या अर्थी तारखा बरोबर असणार. त्याला मी पत्रामागून पत्रं लिहिली. माणूस आपला वाढदिवस चुकलेला कसा खपवून घेईल, हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं, आणि त्याचा तरी काय दोष? ज्या कामगाराला पहिली तारीखच गुरुजींनी वाटलेली, तो दुसऱ्या तारखेसाठी कशाला भांडेल? साहेबांनी जून म्हटलं तर जून, जानेवारी म्हटलं तर जानेवारी. मालकाने केक दिला तर खायचा आणि पाळीवर जायचं. मी हे इंग्रजीत लिहून पाहिलं. त्यावर उत्तर आलं नाही.

दरम्यान सहा जानेवारी आली. टेम्पो आला, कॅन्टीनमध्ये टेबलं जोडली, टाळ्या झाल्या. मी यंत्राच्या निमित्ताने तिथेच होते. बारकूदादा कागदी बशीत केकचा तुकडा घेऊन माझ्यापाशी आले.

"ताई, खाऊ का नको? खाल्ला तं कबूल केल्यावानी व्हल."

मी म्हटलं, "द्या इकडे." आणि तो तुकडा मी खाल्ला. माझा जन्म ऑगस्टमधला, माझं कुणी काय वाकडं करणार होतं? पण महिनाअखेर जवळ आली होती आणि माझ्या हातात काहीच नव्हतं.

शेवटी वरच्यांना जागं केलं ते नव्या भरतीने. आदल्या वर्षीच्या मे महिन्याच्या बारा तारखेला एक फिटर कामाला लागला होता. नवी माणसंही त्याच गाळणीतून जात होती, त्यामुळे सॉफ्टवेअरच्या मते तो कामाला लागला पाच डिसेंबरला. म्हणजे त्याने कामाला लागण्याआधी सात महिने पगार घेतला होता. हिशेबतपासनिसांना हे बोरकुट्यांनी स्वतः कळवलं, आणि मला न विचारता. माणसाच्या वाढदिवसाने जे हललं नव्हतं ते ताळेबंदाने हललं. दुसऱ्याच दिवशी फोन आला की यादी पाठवा.

रविवारी सकाळी मी आणि बोरकुटे कारखान्यात बसलो. ते एकेकाचा शाळेचा दाखला उघडून वाचायचे, मी लिहायचे. "एक जून." "एक जून." "एक जून." जप चालल्यासारखं. मध्येच ते थांबले.

"मॅडम, पण यातली खरी एकही नाही."

"नाही."

"मग आपण दुरुस्त काय करून राहिलो?"

मी त्यांना सांगितलं ते इथेही सांगते. लिहायची रीत प्रमाण केली म्हणजे लिहिलेलं सगळ्यांना सारखं वाचता येतं. ते खरं आहे की नाही, हे रीत सांगत नाही. आणखी एक गंमत आहे, ती आमच्या धंद्यातल्याही फार जणांना ठाऊक नसते. त्या प्रमाणात नुसतं वर्ष लिहिलं तरी चालतं. वर्ष आणि महिना एवढंच ठाऊक असेल तर तेवढंच लिहा, पुढचं सोडा. जेवढं माहीत तेवढंच बोला, असं ते प्रमाण स्वतः म्हणतं. पण आम्ही सॉफ्टवेअरवाले तीन घरं आखतो आणि तिन्ही भरल्याशिवाय माणसाला पुढे जाऊ देत नाही. एक जरी रिकामं सोडलं तरी लाल अक्षरं येतात. गुरुजींच्या रजिस्टरलाही तीनच घरं होती. त्यांनी तिन्ही भरली. मला या गोष्टीचं अजून वाईट वाटतं. 'सुगीच्या दिवसांत' एवढंच लिहून घेणारं एकतरी सॉफ्टवेअर आपल्या हातून व्हायला हवं होतं.

जानेवारी संपायच्या आत यादी बसली. सहा जानेवारीला एकटे सावे उरले आणि त्यांचा जूनमधला केक गेला. बारकूदादांची नोटीस मागे घेतली गेली. एप्रिलमध्ये वनिताला अठरा पूर्ण झाली. मला वाटलं, माझं काम संपलं.

एकतीस मेला निरोपसमारंभ होता. त्यांच्याबरोबर निवृत्त होणारे आणखीही एक जूनवाले होते. बारकूदादांनी मला आवर्जून बोलावलं. उकाडा असा की पंख्याखालीही कपडे अंगाला चिकटत होते. दादा नवा सदरा घालून, वनिता केसांना तेल लावून, आणि दादांची म्हातारी आई सोबत. नाकात नथ नाही, पायात चप्पल नाही, पण खुर्चीत ताठ बसलेली. नारळ देऊन झाले. बोरकुटे साहेबांपुढे वनिताच्या नेमणुकीचं पत्र होतं, त्यावर तेवढी त्यांची सही व्हायची होती. त्यांनी पेन उघडलं, आणि म्हातारीशी दोन शब्द बोलावेत म्हणून मान वर केली.

"आजी, एवढे छोटे होते ना दादा? आठवते का जन्म त्यांचा? उद्या त्यांचा वाढदिवस."

"उंद्या?" आजी म्हणाल्या. "उंद्या कसा? थंडी व्हती ती. वालाच्या शेंगा तोराला गेलती मी, तथंच पोटात दुखाला लागलां. रातभर शेकोटीजवल ठेवला व्हता याला. काकडून मरल म्हनून."

वालाच्या शेंगा कधी येतात हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. येतात जानेवारीत. वनिता बापाकडे बघत होती आणि बाप स्वतःच्या नखांकडे. महिनोन् महिने मी ज्या चुकीशी भांडले, ती नेमकी खऱ्याच्या जवळ जाऊन पडली होती, आणि नियमाला जागणारा माणूस समोर पेन उघडून बसला होता.

बोरकुटे साहेबांनी रुमालाने मानेवरचा घाम पुसला. पत्राकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं.

"लई थंडी होती का, आजी?" त्यांनी विचारलं.

"लई."

"मग एक जूनच," ते म्हणाले, आणि सही केली.